विश्लेषण : गाडी जुनी, चालकही जुनाच, मग हे खेळणे पुन्हा बाजारात का आले?

नव्वदच्या दशकात लहान असलेल्यांना ‘जी. आय. जो’ आठवत असेल. अर्ध्या वितीएवढी प्लास्टिकची आकृती, कोपरा-गुडघ्यांत वाकणारी, हातात इवलीशी बंदूक. रंगीत पुठ्ठ्यावर प्लास्टिकच्या फुग्यात बंद करून दुकानात टांगलेली असायची. नाव अमेरिकी, पण आपल्याकडे मिळणारी ही मंडळी तयार होत ती गोव्यात. आता हीच खेळणी तिकडे ‘रेट्रो’ नावाने परत आली आहेत. डबा जुन्या धाटणीचा, चित्र जुने, गाडी जुनी आणि तिच्यात बसलेला चालकही जुनाच. मोबाइलवर त्यांच्या जाहिराती दिसतात आणि किंमत पाहून डोळे विस्फारतात. घराच्या माळ्यावर पडलेल्या आपल्या जुन्या खेळण्याचे आता काही येईल का, असा प्रश्न मग अनेकांना पडतो. तेच खेळणे खाली काढून मुलाच्या हाती द्यावे का, हा खरे तर त्याहून महत्त्वाचा प्रश्न आहे.

परत आले म्हणजे नेमके काय आले?

अमेरिकेतील हॅस्ब्रो कंपनीने २०२० मध्ये जी. आय. जोची ‘रेट्रो’ मालिका काढली. तीत दोन गाड्या होत्या. पहिली ‘ए.डब्ल्यू.ई. स्ट्रायकर’. वाळूतून, खडकातून उड्या मारत जाणारी उघडी जीप म्हणा हवे तर. मूळ गाडी १९८५ ची, तिचा चालक ‘क्रँककेस’. दुसरी ‘हिस’ हा शत्रुपक्षाचा काळा रणगाडा, मूळ १९८३ चा; त्याच्याही सोबत त्याचा चालक. याच सुमाराला इतरांनीही कपाटे उघडली. ‘स्टार वॉर्स’च्या जुन्या आकृत्यांची रेट्रो मालिका हॅस्ब्रोने २०१९ मध्येच आणली होती. दूरदर्शनमुळे आपल्याला ठाऊक झालेला ‘ही-मॅन’ मॅटेल कंपनीने २०२० मध्ये ‘ओरिजिन्स’ या नावाने परत आणला. त्यात राजपुत्र अ‍ॅडम आणि त्याची उडती ‘स्काय स्लेड’ असा जोडसंचही होता.

‘पुन्हा आले’ या शब्दांत तीन वेगवेगळ्या गोष्टी दडलेल्या असतात. कधी जुना साचा शिल्लक असतो आणि त्यातूनच माल काढला जातो. कधी साचा नव्याने कोरला जातो, पण माल जुन्यासारखाच हुबेहूब ठेवला जातो. तिसऱ्या प्रकारात चेहरा-कपडे जुने आणि आतले सांधे नवे असतात. ही-मॅनची ‘ओरिजिन्स’ मालिका या तिसऱ्या प्रकारातली आहे. जुना ही-मॅन जेमतेम कंबर वळवायचा, नव्याचे कोपर, मनगट, गुडघे, घोटे सगळे फिरते. डब्यावरचे चित्र पाहून मात्र यातले काही कळत नाही, आणि विकणाऱ्याला ते कळावे अशी घाईही नसते.

चालक गाडीतच का?

जी. आय. जो १९६४ मध्ये जन्मला तेव्हा तो १२ इंच, म्हणजे सुमारे फूटभर उंच होता. मुलगे बाहुली घेणार नाहीत, या भीतीने कंपनीने ‘बाहुली’ हा शब्द टाळून ‘अ‍ॅक्शन फिगर’ हा नवा शब्द रूढ केला. कपडे बदलता येणारी बाहुलीच होती ती. नावाने काम केले.

अडचण गाडीची होती. फूटभर उंचीच्या शिपायाला बसायला जीप द्यायची तर ती दीड-दोन फूट लांब हवी. एवढे प्लास्टिक, एवढा मोठा डबा, दुकानात एवढी जागा. त्यात १९७३ नंतर खनिज तेल महागले आणि प्लास्टिकही महागले. १९७७ मध्ये ‘स्टार वॉर्स’ चित्रपट आला, आणि केनर या कंपनीने त्याच्या आकृत्या पावणेचार इंचांच्या, म्हणजे साडेनऊ सेंटीमीटरच्या केल्या. आकृती लहान झाली आणि विमान, जीप, यान सगळे पोराच्या मांडीवर मावू लागले. मागणी इतकी होती की त्या नाताळात केनरकडे माल तयार नव्हता. कंपनीने चक्क रिकामे पाकीट विकले, आत आकृत्या नंतर मिळतील अशी पावती. लोकांनी ते घेतलेही.

हॅस्ब्रोने १९८२ मध्ये जी. आय. जो याच मापात नव्याने आणला आणि त्यात व्यापाराची एक साधी युक्ती बसवली. सुट्टी आकृती स्वस्त. मूल एक घेते, मग दुसरी मागते. गाडी महाग. पण काही आकृत्या सुट्ट्या विकायच्याच नाहीत, त्या फक्त गाडीसोबत द्यायच्या. क्रँककेस हवा असेल तर स्ट्रायकर घ्यावीच लागेल. प्रत्येक आकृतीमागे एक माहितीपत्र असे, तिचे नाव, गाव, स्वभाव, सैन्यातले काम. लॅरी हामा या चित्रकथालेखकाने ही माहितीपत्रे लिहिली आणि मार्व्हलची चित्रकथाही त्यानेच वर्षानुवर्षे चालवली. त्यामुळे चालक हा प्लास्टिकचा तुकडा राहिला नाही, ओळखीचा माणूस झाला. आज चाळिशी ओलांडलेला गृहस्थ रिकामी गाडी विकत घेत नाही आणि चालक असलेल्या गाडीसाठी पैसे मोजतो, त्याचे मूळ इथे आहे.

गोव्याचा संबंध कसा आला?

टायर बनवणाऱ्या एमआरएफने हॅस्ब्रोच्या सहकार्याने १९८७ मध्ये ‘फनस्कूल’ ही कंपनी सुरू केली. मुख्यालय चेन्नईत, कारखाना गोव्यात. मुंबईतही याच काळात असेच काही घडत होते. व्हीआयपी बॅगांमुळे घरोघरी पोहोचलेला ब्लो प्लास्ट समूह ‘लिओ’ या नावाने खेळणी विकत असे. त्याने मॅटेलशी हातमिळवणी केली आणि ‘लिओ मॅटेल’ची बार्बी व ही-मॅन आपल्या दुकानांत आले.

परदेशी कंपन्यांना इथे कारखान्याची गरज का पडली? कारण तयार ग्राहकोपयोगी माल आयात करण्यावर भारतात कडक बंधने होती. १९९१ च्या उदारीकरणातही ती लगेच गेली नाहीत; आयातीवरची संख्यात्मक बंधने पूर्ण उठली ती १ एप्रिल २००१ रोजी. तोवर परदेशी खेळणे इथल्या मुलाला द्यायचे तर ते इथेच ओतावे लागे. मग अमेरिकेत काम संपलेले साचे जहाजात चढून इकडे येत. अमेरिकेतली जी. आय. जोची ती मालिका १९९४ मध्ये थांबली, गोव्यातून मात्र माल त्यानंतरही निघत राहिला.

यातून एक गंमत झाली. साचा अमेरिकेचा असला तरी प्लास्टिकचा रंग, वरची रंगरंगोटी, सोबतची हत्यारे यांत फरक पडला. तिकडे हिरवा असलेला शिपाई इकडे भलत्याच रंगात निघे. आपण ते गृहीत धरले, आपल्याला तुलनेला दुसरे काही नव्हतेच. पण परदेशातल्या संग्राहकांना या ‘भारतीय’ आकृत्यांचे अप्रूप वाटू लागले आणि तिकडे हे खेळणे मिळेनासे झाले तेव्हा त्यांनी ती इथून मागवलीही. म्हणजे इथल्या बाजारासाठी, इथल्या खिशाला परवडेल अशा बेताने केलेला माल तिकडे दुर्मिळ ठरला.

२००१ नंतर चित्र पालटले. चीनमधून आलेली खेळणी आठवडी बाजारापर्यंत पोहोचली. बॅटरीवर किंचाळणारी मोटार वीस-तीस रुपयांना मिळू लागल्यावर गोव्याच्या शिपायाला कोण विचारणार?

साचा सांभाळणे एवढे अवघड का?

बादली, टब, बाटलीचे झाकण ज्या पद्धतीने होते त्याच पद्धतीने हे खेळणे होते. प्लास्टिकचे दाणे वितळवून पोलादी साच्यात दाबाने भरायचे, थंड करायचे, साचा उघडून माल काढायचा. दाणे स्वस्त असतात, खरा खर्च साच्याचा. एका गाडीला चाके, दांडे, काचा, तोफ असे पाच-पन्नास भाग लागतात आणि प्रत्येकासाठी पोलादात जागा कोरावी लागते. साचा झिजतो, गंजतो, एका देशातून दुसऱ्या देशात जाताना हरवतो, कंपनी विकली गेली की गोदामात बेवारस पडतो किंवा भंगारात जातो. केनरचेच पाहा : १९८७ मध्ये ती टोंका कंपनीकडे गेली आणि १९९१ मध्ये टोंकासकट हॅस्ब्रोकडे.

म्हणून ‘जुनाच माल काढायचा, त्यात काय मोठे’ हा समज बरोबर नाही. मूळ साचा नसेल तर जुने खेळणे संगणकावर मोजून नवा साचा करावा लागतो, म्हणजे खर्च नव्या खेळण्याएवढाच. वाचतो तो फक्त कल्पनेचा आणि जाहिरातीचा खर्च, कारण गिऱ्हाईक आधीच तयार असते. तरीही धोका नको म्हणून हॅस्ब्रोने २०२१ मध्ये जी. आय. जोचे ‘स्कायस्ट्रायकर’ हे मोठे विमान वेगळ्या पद्धतीने आणले. आधी लोकांकडून नोंदणी घेतली. ठरलेला आकडा गाठला तरच विमान बनवू, नाही तर नाही. आकडा गाठला गेला, विमान बनले. आपल्याकडे दिवाळीअंकाची आगाऊ वर्गणी घेतात, त्यातलाच प्रकार. फक्त रकमेला आणखी शून्ये.

आणखी एक कारण डब्यावर दिसत नाही, ते कायद्यात आहे. नाव आणि चिन्ह यांवरचा हक्क वापरात असेल तरच टिकतो. भारताच्या १९९९ च्या व्यापारचिन्ह कायद्यानुसार नोंदलेले चिन्ह सलग पाच वर्षे वापरले नाही, तर दुसरा कोणी ते नोंदवहीतून काढून टाकण्याची मागणी करू शकतो. अमेरिकेत तीन वर्षे न वापरलेले चिन्ह सोडून दिल्याचे प्रथमदर्शनी मानले जाते. जुन्या नावाचे खेळणे अधूनमधून बाजारात येत राहिले की नाव जिवंत राहते आणि उद्या त्यावर चित्रपट काढायचा झाल्यास हातात काहीतरी असते.

घेतो कोण?

मुले नव्हे, त्यांचे वडील. २०२४ च्या पहिल्या तिमाहीत अमेरिकेत १८ वर्षांवरील ग्राहकांसाठीच्या खेळणी-खरेदीने तीन ते पाच वर्षांच्या मुलांच्या गटालाही पहिल्यांदाच मागे टाकले, असे बाजाराची मोजदाद करणाऱ्या सर्काना या संस्थेने नोंदवले. लहानपणी जे घेऊन मिळाले नाही ते आता स्वतःच्या पगारातून घ्यायचे, हा त्यातला साधा हिशेब. त्यात हसण्यासारखे काही नाही. कुणी जुनी राजदूत मोटारसायकल घासूनपुसून ठेवतो, कुणी रेडिओ.

आपल्या भागातून मागवायचे तर मात्र खिसा बघावा लागतो. भारताने खेळण्यांवरचे मूळ सीमाशुल्क फेब्रुवारी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० टक्के केले आणि २०२३ मध्ये ७० टक्के. सरकारी आकडेवारीनुसार २०१४-१५ मध्ये ३३.२५ कोटी डॉलरची खेळणी आयात झाली होती. २०२२-२३ मध्ये हा आकडा १५.८७ कोटींवर आला. याच काळात निर्यात ९.६ कोटी डॉलरवरून ३२.५७ कोटींवर गेली. देशी कारखान्यांना याचा फायदा झाला हे खरे. पण परदेशी रेट्रो गाडी इथे पोहोचेपर्यंत तिच्या मूळ किमतीवर कर, वाहतूक आणि मधल्या विक्रेत्याचा नफा असे थर चढतात. जाहिरातीत डॉलरमध्ये दिसणाऱ्या आकड्याला रुपयाच्या भावाने गुणून खूश होऊ नये.

माळ्यावर जुना शिपाई सापडला तर?

आधी तो उचलताना जपा. या आकृत्यांची छाती आणि पाय आतून एका रबरी कडीने जोडलेले असतात. तीस वर्षांत रबर कडक होते, तडकते आणि हातात घेताच शिपायाचे दोन भाग होतात. घाबरण्याचे कारण नाही, तो मोडलेला नसतो. पाठीवर एकच बारीक स्क्रू असतो. तो हलक्या हाताने उघडायचा आणि त्याच मापाची नवी कडी बसवायची. मोटारपंप दुरुस्तीच्या दुकानात ‘ओ-रिंग’ म्हणून मागितली तर बऱ्याचदा जवळपासचे माप निघते. फार जाड कडी बसवली तर पाय ताठ राहतात, एवढे लक्षात ठेवावे.

किमतीचे म्हणाल तर सोबतची बंदूक, पाठीवरची पिशवी, पुठ्ठा आणि माहितीपत्र असेल तर भाव वेगळा. नुसती खेळून घासलेली आकृती असेल तर फारसा नाही. न उघडलेल्या पुठ्ठ्यातला माल सर्वांत महाग, आणि कुठल्याही घरात तोच सर्वांत कमी सापडतो. खेळणे उघडून खेळणे हे शेवटी पोरांचे कामच होते.

खरे-खोटे ओळखताना अनेक जण एका गोष्टीवर विसंबतात : अंगावर कोरलेले साल. ते साल ते खेळणे तयार झाल्याचे नसते, त्या आकृतीच्या हक्काचे असते. १९८३ कोरलेला शिपाई त्यानंतर कितीतरी वर्षांनी ओतलेला असू शकतो. म्हणून सालाकडे पाहून ‘चाळीस वर्षे जुना’ म्हणत पैसे मागणाऱ्यापासून सावध राहावे. समाजमाध्यमांवर ‘तुमच्या खेळण्याचे पन्नास हजार देतो, आधी नोंदणीचे पाचशे पाठवा’ असे कोणी म्हटले तर तो संग्राहक नाही. विकत घेणारा पैसे देतो, मागत नाही. क्यूआर कोड स्कॅन करून पैसे ‘मिळत’ही नसतात, जातात. फसवणूक झालीच तर सायबर गुन्ह्यांसाठीच्या १९३० या क्रमांकावर लगेच कळवावे. पहिले काही तास महत्त्वाचे असतात.

मुलाच्या हाती द्यावे का?

लहान मुलाच्या नको. जुन्या प्लास्टिकमध्ये लाल, पिवळा, काळा अशा रंगांसाठी शिसे, कॅडमियम असे घटक वापरले जात. इंग्लंडच्या प्लायमाउथ विद्यापीठातील संशोधकांनी २०१८ मध्ये वापरलेली २०० प्लास्टिक खेळणी तपासली, तेव्हा त्यांतील अनेकांत शिसे, कॅडमियम, क्रोमियम अशा घटकांचे प्रमाण चिंताजनक आढळले. खेळणी घरांतून, पाळणाघरांतून, दानाच्या दुकानांतून आणलेली होती. म्हणजे आपल्या माळ्यावर असतात तशीच. मोठ्याने कपाटात ठेवले तर काही बिघडत नाही. दोन वर्षांचे मूल मात्र हातात आलेली प्रत्येक वस्तू तोंडात घालते, आणि शिशाचा परिणाम वाढत्या मेंदूवर होतो. शिवाय या आकृत्यांची बंदूक जेमतेम दाण्याएवढी. घशात अडकायला तेवढे पुरे.

नवे घेताना पाहायची गोष्ट एकच. १ जानेवारी २०२१ पासून १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर आयएसआय चिन्ह सक्तीचे आहे. चिन्हासोबत परवाना क्रमांक असतो आणि तो ‘बीआयएस केअर’ या अ‍ॅपवर टाकून खरा की खोटा हे मिनिटभरात कळते. संग्राहकांसाठीच्या बऱ्याच परदेशी गाड्यांवर त्या मोठ्यांसाठी असल्याचे छापलेले असते. ते अक्षर बारीक असते आणि डबा मुलांना भुरळ घालेल असाच असतो. बापाने स्वतःसाठी आणले असेल तर बापानेच खेळावे.

आपल्याकडचे चाकावरचे खेळणे

या सगळ्यात एक गोष्ट नागपूर जिल्ह्याच्या वाचकाला वेगळी सांगायला नको. चाकांवरचे एक खेळणे आपल्याकडे दरवर्षी बाजारात येते आणि त्याला ‘रेट्रो’ म्हणण्याची वेळ कधी आलेलीच नाही. लाकडी बैल. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तान्हा पोळा. नागपूरकर भोसल्यांपैकी दुसरे रघुजीराजे यांनी १८०६ मध्ये तो सुरू केल्याचे सांगितले जाते. खऱ्या बैलाजवळ जायला भिणाऱ्या लेकरांसाठी चाकांचा लाकडी बैल, गळ्यात माळ, शिंगांना रंग, अंगावर झूल. दोरी धरून पोरे दारोदार फिरतात आणि घरोघरी बोजारा मिळतो. कुही, मांढळ, वेलतूर, पचखेडीत ज्याचे बालपण गेले त्याला बोजाऱ्याचा हिशेब अजून तोंडपाठ असेल, कोणी आठ आणे दिले आणि कोणी नुसत्या गोळीवर भागवले.

चाकांवरचा प्राणी या मुलखाला नवा नाही. आताच्या अहिल्यानगर जिल्ह्यातल्या दायमाबादला १९७४ मध्ये काशाच्या चार वस्तू सापडल्या. हत्ती, गेंडा, रेडा हे चाकांवरचे, आणि चौथी म्हणजे दोन बैल जोडलेला रथ, त्यावर उभा एक माणूस. गाडी आणि तिचा चालक, एकाच संचात! त्या वस्तू खेळण्यासाठी होत्या, पूजेसाठी की मिरवणुकीसाठी, यावर अभ्यासकांचे एकमत नाही.

लाकडी बैलाला परत आणावे लागले नाही, कारण तो कोणाच्या मालकीचा नाही. त्याचे नाव नोंदलेले नाही, पोलादी साचा नाही, हरवायला काही नाही. सुताराला हात आणि नजर ठाऊक असली की झाले. मोठा बैल घरात एकदाच घेतला जातो आणि पुढची दोन-तीन पोरे तोच ओढतात. पोळ्याआधी नवा रंग देतात, झिजलेले चाक बदलतात. प्लास्टिकच्या शिपायाचे उलटे. त्याचा मालक एकच, तो ठरवील तेव्हाच तो येणार आणि ठरवील त्या भावाने.

सुतारालाही कायद्याची एक बाजू ठाऊक असलेली बरी. आयएसआय सक्तीतून हस्तकला विकास आयुक्तांकडे नोंद असलेल्या कारागिरांच्या खेळण्यांना सूट आहे. पण ही सूट नोंद असलेल्यालाच लागू होते. पोळ्याच्या आठवड्यात रस्त्याकडेला बैल मांडून बसणाऱ्याला आज कोणी अडवत नाही. उद्या त्याला तोच बैल पुण्या-मुंबईत किंवा ऑनलाइन विकायचा असेल तर पहिला प्रश्न चिन्हाचा किंवा नोंदीचा येईल. कारागिरांच्या ‘पहचान’ ओळखपत्रासाठी अर्ज करता येतो आणि त्याला पोळ्याची वाट पाहावी लागत नाही. बैलाला लावलेला रंग मात्र सूट असो वा नसो, तपासूनच घ्यावा. डब्यावर ‘शिसेविरहित’ लिहिलेला ऑइलपेंट दुकानात मिळतो, आणि दोरी ओढून थकलेले पोर शेवटी बैलाचे शिंगच चोखत बसते.